आधी आकडा, मग पाणी

खळदकर साहेब ज्या गावची जमीन घ्यायला जात, त्या गावचं पाणी पीत नसत. भर उन्हात जीपमधून उतरायचे, टोपी काढून कपाळ पुसायचे, चावडीच्या पायरीवर बसायचे, आणि कुणी तांब्या-भांडं घेऊन पुढे आलं, की दोन्ही हात वर करून म्हणायचे, "आधी आकडा, मग पाणी." तांब्या आणणारा गोंधळून आमच्याकडे पाही. आम्ही, म्हणजे मी आणि आमचा शिपाई, जमिनीकडे पाहत राहायचो. आमचा घसा कोरडा ठणठणीत पडलेला असे, पण साहेबच पीत नाहीत म्हटल्यावर आम्ही कुठल्या तोंडाने पिणार!

साहेब भूसंपादन अधिकारी होते आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. पुण्याहून चाकणकडे जाणारा रस्ता तेव्हा अरुंद आणि वाकडातिकडा होता. चाकणच्या बाजारातून कांद्याच्या गाड्या निघाल्या, की समोरून येणाऱ्या मोटारीला शेतात उतरावं लागे. इकडे पिंपरीत फाळणीनंतर आलेल्या लोकांच्या छावणीत दुकानं लागू लागली होती, पहिल्यावहिल्या कारखान्यांच्या भिंती उठत होत्या, आणि सरकारला सगळीकडेच रुंद, सरळ रस्ते हवे झाले होते. सरळ रस्ता नकाशावर फार सोपा असतो. पट्टी ठेवायची आणि रेघ ओढायची. ती रेघ ज्याच्या शेतातून जाई, त्याला जाऊन 'जमीन आता तुमची नाही, किंमत बोला' असं सांगायचं काम आमच्याकडे होतं. दिवसभर लोकांची तोंडं पाहून संध्याकाळी जीपमध्ये बसलो, की एकमेकांशी बोलायचंही त्राण उरत नसे.

साहेब उंच, पण खांद्यात वाकलेले. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, खिशात डाळ्या-मुरमुऱ्यांची पुरचुंडी, कारण मधुमेह होता आणि वेळेवर काहीतरी पोटात जावं लागे. बोलणं दिवसाच्या शेवटच्या तासाला आलेल्या मास्तरासारखं. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. सकाळी कचेरीतून निघताना रोज म्हणायचे, "चला देवधर, आजची पापं आटपून येऊ." हे वाक्य ते विनोदाने म्हणतात असं मला आधी वाटे. पुढे पुढे वाटेनासं झालं.

पाण्याचं मला वाटलं, सोवळं असेल. गावातल्या लोकांना वाटे, साहेब इतका कडक की लाच राहू द्या, पाणीसुद्धा घेत नाही. काहींना तो गर्व वाटे आणि ते मागून काय बोलत हे इथे लिहिण्यासारखं नाही. माझा गैरसमज चाकणला फिटला. तिथे हुसेनभाई नावाचे कांद्याचे व्यापारी होते. त्यांच्या वखारीचा एक कोपरा रस्त्यात जात होता. आम्ही पोचताच त्यांनी चहा मागवला, साहेबांचे हात नेहमीप्रमाणे वर गेले. हुसेनभाई म्हणाले, "आकडाच पायजे ना साहेब? हा घ्या." आणि जागेचा, भिंतीचा, दारातल्या लिंबाचा असा सगळा हिशेब एका दमात सांगून मोकळे झाले. साहेबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "लिहा, देवधर, लिहा!" मी लिहिलं. मग साहेबांनी त्याच माणसाच्या हातचा चहा, बिनसाखरेचा का होईना, एकावर एक दोन कप घेतला.

परतताना मी धीर करून म्हटलं, "साहेब, मी समजत होतो तुमचं सोवळं आहे."

साहेब हसले. "सोवळं कसलं घेऊन बसलात! अहो, पाणी प्यालो की मी पाहुणा होतो. पाहुण्याला आपल्याकडे कुणी किंमत सांगतं का? तुमच्या आईने कधी सांगितली? 'तुम्ही द्याल ते' म्हणतात. आणि ते 'तुम्ही द्याल ते' तुम्ही कागदावर उतरवलंत की तो माणूस बुडाला. मी पाहुणा नाही, देवधर. मी गिऱ्हाईक आहे. तेही जबरदस्तीचं."

बुडाला म्हणजे कसा, ते सांगायला हवं. सरकारची नोटीस गेली की मालकाने अधिकाऱ्यापुढे येऊन आपलं मागणं सांगायचं. अधिकारी आसपासच्या खरेदीखतांवरून भाव काढून निवाडा देई. तो भाव बहुतेक वेळा कमीच निघे, कारण खरेदीखतात लोक किंमत कमी दाखवीत, आणि वरचे अधिकारी हात आखडता घ्यायला सांगत ते वेगळंच. निवाडा पटला नाही तर मालकाने कोर्टात जावं, कोर्ट वाढवून देई. पण त्यात एक मेख होती. ज्याने सुरुवातीला मागणंच सांगितलं नाही, त्याला कोर्टसुद्धा आमच्या निवाड्यापेक्षा एक पै जास्त देऊ शकत नसे. न सांगण्याला सबळ कारण होतं असं जज्जाला पटलं तरच गोष्ट वेगळी. म्हणजे भीड बाळगून गप्प बसलेल्या माणसाला त्या भिडेची शिक्षा कायमची. साहेबांनी अशी पाच-पन्नास माणसं बुडताना पाहिली होती. तेव्हापासून ते फिरकीच्या तांब्यात घरचं पाणी घेऊन हिंडत. भोसरीच्या पुढे गेलं की ते संपलेलं असे.

आकडा काढून घेण्यात त्यांचा हातखंडा होता. एका गावात एकटीच राहणारी बाई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "साहेब, तुमी मला भावावानी. तुमीच काय त्ये ठरवा." भाऊ म्हटलं की साहेबांच्या अंगावर काटा येई. ते घाईघाईने म्हणाले, "बाई, मी भाऊ नाही. भाऊ जमीन घेतो का कधी?" बाईने पदर खाली घेतला. "आमच्यात घेत्यात की. दोघांनी घेतलीया." चावडीत हशा पिकला, बाईही हसली, आणि त्या हसण्याच्या भरात तिच्या तोंडून आकडा निघाला. दुसऱ्या एका गावात एक पैलवान गडी मिशीवर ताव देत "येक लाख" म्हणाला. त्याची जमीन म्हणजे चिंचोळी पट्टी, वर खडक. मी लेखणी थांबवून साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "थांबलात का? लाख लिहा. खाली आणायला कोर्ट आहे. मागितल्याच्या वर न्यायला कुणी नाही."

हे सगळं मी हसत सांगतोय खरा, पण तेव्हा हसू येत नसे. एका गावाहून दुसऱ्या गावाला, तीच धूळ, तीच चावडी, तीच वाक्यं. साहेब रोज त्याच कळवळ्याने म्हणत, "आकडा बोला हो. तुमच्याच भल्याचं सांगतोय." आणि समोरचा माणूस, जमीन घ्यायला आलेला माणूस भलं कसलं सांगतोय, अशा नजरेने पाहत राही. त्यात त्याची तरी काय चूक म्हणा!

मोशी सोडून इंद्रायणी ओलांडली की एक लहानसं गाव लागे. तिथे गेनबाचं रान होतं. रस्त्याचं जुनं वळण काढून टाकायचं ठरल्यामुळे ती सरळ रेघ त्याच्या जमिनीतून जात होती, आणि जाता जाता नेमकी विहिरीवरून जात होती. गेनबा पन्नाशीचा, काटक, आणि आवाज असा की एका शेतातून हाक मारली तर तिसऱ्या शेतातला बैल मान वर करी. विहीर त्याच्या बापाने खणलेली. वरचा भाग दगडात बांधलेला, खालचा नुसता मुरमात. बाराही महिने पाणी, आणि त्यावर कांद्याचं पीक. त्या रानातला जीव म्हणजे ती विहीरच होती.

त्या दिवशी मोजणी लांबली. ऊन मी म्हणत होतं. साहेबांच्या खिशातली पुरचुंडी जीपमध्येच राहिली होती आणि जीप डांबरी रस्त्यावर. विहिरीच्या काठावर उभे असताना ते "देवधर" एवढंच म्हणाले आणि उभ्या जागी कलंडले. मी नुसता ओरडलो. गेनबाने त्यांना एखादं पोतं उचलावं तसं उचललं, झाडाखाली घोंगडीवर निजवलं, आणि बायकोला हाक मारली. ती धावतच गुळाचं पाणी घेऊन आली. गेनबाने साहेबांचं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाजलं. थोडा वेळ गेल्यावर साहेबांना तरतरी आली, तेव्हा ताक दिलं. उन्हं उतरेपर्यंत त्यांना हलू दिलं नाही. भाकरी-पिठलं खायला घातलं. साहेब मुकाट्याने जेवले. आपण कुठे आहोत याची पुरती शुद्ध बहुधा जेवून झाल्यावर आली.

"मी काय प्यालो?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"गुळाचं पाणी. मग ताक. आणि आता जेवलात."

साहेबांनी डोळे मिटले. "संपलं," ते म्हणाले.

गेनबाला ते ऐकू गेलं. तो पुढे वाकून समजावणीच्या सुरात म्हणाला, "न्हाई वो साहेब, असं कशापायी बोलायचं? संपतंय कशानं? लई वर्सं हायती अजून तुमाला."

पुढे तसंच झालं, साहेबांना भीती होती तसंच. मागणं सांगायच्या दिवशी चावडी भरली होती. एकेकाने आकडा सांगितला, कुणी चाचरत, कुणी भांडत. गेनबाची पाळी आली. साहेबांनी विचारलं, "गेनबा, तुमचं मागणं?"

"तुमी द्याल त्ये, साहेब."

"मी काही देत नाही. सरकार देतं."

"मंग सरकार देईल त्ये."

"अहो, विहीर आहे तुमची! तिचं काय?"

"तुमी बघितलीया की हीर. तुमाला काय सांगायचं?" आणि हे म्हणताना तो असा प्रेमाने हसला, की साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांनी पुन्हा विचारलं, समजावलं, शेवटी चिडून आवाज चढवला. त्यांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. पण गेनबा ढिम्म. जेवून गेलेल्या माणसाचा राग कोण मनावर घेतो?

साहेबांनी हार मानली नाही. त्यांनी मला गेनबाच्या घरी एकट्याला पाठवलं. मला तरी सांगेल, या आशेने. त्याची बायको माझ्या बाजूने होती. "बोला की वो काय त्ये. लिवून घ्यायला आलाय त्यो," ती म्हणाली. गेनबाने पान लावता लावता मान हलवली. "घरात जेवून गेलेल्या मानसाफुडं हात पसरू व्हय? त्यांना दिसत न्हाई का समदं?" मग साहेब वरिष्ठांकडे गेले, म्हणाले एवढं एक प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्या. कारण विचारल्यावर त्यांनी खरं ते सांगितलं. वरिष्ठ हसत सुटले. खळदकर पिठल्याला घाबरले, अशी चेष्टा मग कचेरीत बरेच दिवस चालली होती.

निवाड्यात गेनबाला इतरांच्याच दराने जमिनीचे पैसे ठरले. विहिरीचं मात्र बांधकाम खात्याकडून माप आलं. दगडी बांधकामाला भाव होता, मुरमातल्या खणतीला जवळजवळ नव्हता, आणि पाण्याचं तर त्या मापात कुठे नावच नव्हतं. साहेबांनी आपल्याकडून रक्कम वाढवून वर पाठवली. ती परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा परत आली. तिसऱ्यांदा त्यांनी मान खाली घालून सही केली आणि मला म्हणाले, "बाकीच्यांना कोर्ट आहे. याच्यासाठी मीच शेवटचा होतो, आणि मी हे दिलं." त्या दिवशी ते डबा न उघडताच घरी गेले.

बाकीचे सगळे कोर्टात गेले. गेनबा जाणार नव्हता, पण त्याचा पुतण्या पिंपरीला कारखान्यात लागला होता. त्याला वकिलांची दारं माहीत झाली होती. त्याने चुलत्याचा अंगठा घेऊन अर्ज घातला. तारीख लागेपर्यंत साहेब निवृत्त झाले होते. सरकारी वकिलाने हरकत घेतली, की या माणसाने मागणं सांगितलंच नव्हतं, तेव्हा याला वाढ मिळू शकत नाही. आता सबळ कारण दाखवणं आलं. ते दाखवायला खळदकर साहेब आपणहून साक्षीला उभे राहिले. आपणच दिलेल्या निवाड्याच्या विरुद्ध! कचेरीत पुन्हा चेष्टा झाली. मला कचेरीने दप्तर घेऊन पाठवलं होतं म्हणून मी ते पाहू शकलो.

साहेब साक्षीच्या पिंजऱ्यात कठडा धरून उभे होते. म्हणाले, "यांनी आकडा सांगितला नाही याचं कारण मी आहे. मी यांच्या घरी पाणी प्यालो, जेवलो. त्यानंतर मला किंमत सांगणं यांना शक्य नव्हतं."

सरकारी वकील उठले. "ताक प्याल्याने कायदा बदलतो, असं म्हणायचंय का आपल्याला?" कोर्टात खसखस पिकली.

"कायदा बदलत नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "पण कायद्याने ज्याला बोलायला सांगितलंय, त्याचं तोंड बंद होतं. मी आयुष्यभर हेच पाहत आलोय. आपल्या घरी आलेल्या माणसाला आपण तरी सांगू का?"

जज्जसाहेब वयस्क होते. ते हसले नाहीत. त्यांनी गेनबाला पुढे बोलावलं आणि विचारलं, "बाबा, आता सांगता का तुमचं मागणं?" गेनबाने तोंड उघडलं. मग बाजूच्या बाकावर बसलेल्या खळदकर साहेबांकडे त्याची नजर गेली, आणि तोंड मिटलं. "काय सांगू देवा," तो पुटपुटला, "साहेबांनी समदं बघूनच दिलं असंल."

साहेब उठले. "आपली परवानगी असेल तर मी बाहेर जातो," ते जज्जांना म्हणाले. "मी इथे आहे तोवर हे बोलायचे नाहीत." जज्जांनी मान डोलावली. साहेबांचे गुडघे तेव्हा दुखत असत, म्हणून मी हात द्यायला बरोबर गेलो. व्हरांड्यात भिंतीला लागून एक बाक होता, त्यावर ते बसले. दार ओढून घेतलं होतं. पण गेनबाच्या आवाजाला दार काय करणार!

तो बोलला. आधी अडखळत, मग जसजसा बोलत गेला तसतसा शेतातला आवाज लागला. आकडा सांगितला, खणखणीत. आणि आकड्यापाशी थांबला नाही. "त्यांनी दगडं मोजली, सरकार. निसती दगडं! माझ्या बापानं पान्यासाठी हीर खनली का दगडं रचायला? आन साहेबांला ठावं नव्हतं म्हनावं तर तसंबी न्हाई. त्या हिरीचं पानी पिऊन त्यो मानूस जित्ता ऱ्हायला. माझ्या मांडीवर डोकं व्हतं त्याचं. तरी भाव लावला दगडाचा. परक्यानं क्येलं असतं तर मला काय वाटलं नसतं."

साहेबांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसले. काचा केव्हाच पुसून झाल्या होत्या. मला काहीतरी बोलावंसं वाटत होतं, वरून दोनदा परत आलेल्या त्या रकमेबद्दल आत जाऊन ओरडून सांगावंसं वाटत होतं. साहेबांनी माझ्या हातावर हात ठेवला. "बोलला," ते म्हणाले. मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून, "बरोबर बोलला." आणि आतली गडबड वाढल्यावर घाईने, "देवधर, मला ऐकू आलं हे त्याला कळता कामा नये. त्याला मेल्याहून मेल्यासारखं होईल."

गेनबा बाहेर आला तो घामाघूम. पण चेहरा मोकळा झालेला. साहेबांसमोर येऊन त्याने कान पकडल्यासारखं केलं. "बोललो बगा येकदाचा. तुमी म्हनत व्हता ना, आकडा बोल, आकडा बोल? आता कोर्ट झालं. आता जेवायला यायचं घरी."

"येईन की," साहेब म्हणाले.

जज्जांनी कारण मानलं. इतरांप्रमाणे गेनबालाही वाढ मिळाली, आणि विहिरीला पाण्याची विहीर म्हणून भाव लागला. तो भाव रास्त होता का, मला विचारू नका. त्या खात्यात इतकी वर्षं काढूनही रास्त भाव म्हणजे नेमका काय, ते मला कुणाला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण गेनबाने त्यातून पलीकडच्या अंगाला दुसरी विहीर खणली आणि तिला पाणी लागलं, एवढं मी पाहिलं. जुनी विहीर बुजवून तिच्यावरून रस्ता गेला. आता तिथून गाडी जाताना काही कळतही नाही.

साहेब जेवायला गेले नाहीत. गेनबा बोलावणं धाडायचा. कधी पुतण्याबरोबर, कधी पुण्याला येणाऱ्या कांद्याच्या गाडीवाल्याबरोबर. कधी हुरड्याला या, कधी नव्या विहिरीचं पाणी चाखायला या. साहेबांचं उत्तर ठरलेलं असे. गुडघे दुखतायत, साखर वाढलीय, पुढच्या महिन्यात पाहू. मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जात असे. एकदा न राहवून म्हटलं, "साहेब, जाऊन या की. मी येतो बरोबर. किती बोलावतोय बिचारा!"

"नको," ते म्हणाले. "त्याच्या ओट्यावर बसलो की माझ्या चेहऱ्यावर त्याला दिसेल, की मला सगळं माहीत आहे. मला लपवता येत नाही. मग त्याला वाटेल, आपण पाहुण्याच्या पाठीमागे बोललो. इतक्या कष्टाने एकदा तोंड उघडलंय त्याने, त्याला त्याची लाज वाटायला नको." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. थकवा होता. इतका बारीक विचार करणाऱ्या माणसाशी वाद कोण घालणार?

साहेब गेले ते झोपेतच. दहाव्याच्या दिवशी मी त्यांच्या घरी होतो. गल्लीच्या तोंडाशी गेनबा उभा असलेला दिसला. कुणाकडून तरी त्याला कळलं होतं. आत यायला बिचकत होता. मी त्याला बाजूच्या पायरीवर बसवलं. त्याने मुंडासं काढून मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "येक इचारू का भाऊसाहेब? साहेब जेवाया का आलं न्हाईत? माझ्यावर राग व्हता का त्यांचा?"

साहेब हयात असते तर मी बोललो नसतो. आता लपवून कुणाचं भलं होणार होतं? मी सांगितलं. व्हरांड्यातला बाक, ओढलेलं दार, आतून आलेला त्याचा आवाज. वरून परत आलेल्या रकमेचंही सांगितलं. आणि शेवटी म्हटलं, "राग नव्हता हो. तुम्हाला अवघडल्यासारखं होईल म्हणून आले नाहीत."

गेनबा माझ्याकडे पाहतच राहिला. "म्हंजी त्यांना ठावं व्हतं?"

"पहिल्यापासून."

त्याने मान खाली घातली. मुंडाशाचा शेव हातात चुरगाळत राहिला, आणि बोलला तेव्हा त्याचा तो दांडगा आवाज मला कान देऊन ऐकावा लागला.

"त्याच्यापायीच बलवीत व्हतो वो मी त्यांना. म्हनलं, घरी यातील, जेवतील, मंग तोंडावर सांगून टाकू, की मी तुमच्या माघारी आसं आसं बोललो. जिवाला लागून ऱ्हायलं व्हतं. आता सांगू कुनाला?"

घरातून कुणीतरी मला हाक मारली. मी उठलो नाही.